लीस चौकातील काळा तवा

मित्रांनो, फ्रान्समधल्या रेन शहराच्या लीस चौकात दर शनिवारी सकाळी बाजार भरतो. त्याच्या एका कोपऱ्यात, मासळीच्या रांगेपलीकडे, निळसर धूर वर चढताना दिसला तर जरा जवळ या. त्या धुराखाली मी आहे. मी एक जुना बिडाचा तवा आहे. गोल, सपाट, काठ नसलेला, आणि उचलणाऱ्याने आधी कमरेचा विचार करावा इतका जड. इथली माणसे मला बिलिग म्हणतात.

याच ब्रिटनी प्रांतातील एका लहानशा ओतशाळेत, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी करडा आणि खरखरीत होतो. आज मी ज्यांच्या गाडीवर आहे त्या रोझेनबाईंच्या मातोश्रींनी मला घरी आणले आणि माझ्यावर संस्कार आरंभले. डुकराच्या चरबीत अंड्याचा बलक कालवून त्यात बुडवलेला चिंधीचा बोळा माझ्या तापलेल्या अंगावर फिरवायचा, धूर विरेपर्यंत थांबायचे, आणि पुन्हा फिरवायचा. कित्येक दिवसांच्या या तपश्चर्येनंतर माझ्या अंगावर काळी, गुळगुळीत कांती चढली. त्या कांतीला पाणी आणि साबण वर्ज्य.

पुढे मातोश्रींचा बोळा रोझेनबाईंच्या हाती आला. इथे ज्याला काळा गहू म्हणतात आणि तुम्ही कुट्टू म्हणता, त्याचे पातळ पीठ त्या माझ्यावर ओतीत आणि लाकडी दांडीच्या एकाच वळशात पसरीत. कडा जाळीदार होऊन आपोआप सुटत. मग लांब उलथण्याने क्रेप, म्हणजे इथले पातळ धिरडे, उचलायचा, त्यात शेजारच्या एर्वेचे भाजलेले सॉसेज गुंडाळायचे आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. ताटली नाही, काटा नाही, सॉस नाही. एकतीस वर्षे आम्ही दोघांनी हे व्रत चालवले. रोझेनबाईंनी तो बोळा मात्र दुसऱ्या कोणाला कधी हाताळू दिला नाही.

यंदा वसंतात रोझेनबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर चढले. त्यांचे जावई बास्तियां मदतीला धावून आले. दूर उत्तरेकडच्या लील शहराचा हा गृहस्थ अत्यंत टापटिपीचा आणि मनाने निर्मळ. सासूबाईंना संतोष व्हावा म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारी मला अंगणात नेले, साबण लावला, तारेच्या घासणीने तीन तास घासले आणि आरशासारखे उजळ केले.

"आई, बघा तरी! ओळखू येतोय का?"

रोझेनबाईंनी डाव्या हाताची बोटे माझ्या उघड्या अंगावरून फिरवली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्या आईचा हात होता त्याच्यावर. तो धुतलात तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बाजारात माझी जी शोभा झाली ती काय वर्णावी! पीठ पडे आणि चिकटून बसे. उलथणे घातले की क्रेपच्या चिंध्या होत. एर्वेच्या थट्टेला तर ऊतच आला.

"अहो बास्तियां, माझं सॉसेज गुंडाळायचंय, त्याला मलमपट्टी नाही करायची!"

रांग पांगली. समोरच्या नव्या गाडीवर सकाळीच करून ठेवलेल्या क्रेपची थप्पी होती. तीतले गरम करून देत. लोक तिकडे वळले. ओशाळलेले बास्तियां म्हणाले, "आई, आपणही तयार थप्पी आणू या का? तुमचा हात बरा होईपर्यंतच."

"थप्पी आणलीत त्या दिवशी मी ही जागा सोडली," रोझेनबाई म्हणाल्या. "एक शनिवार देते. जमलं तर जमलं. नाहीतर तवा भंगारात, आणि मी घरी."

मित्रांनो, त्या आठवड्यात मी एका मनुष्याची निष्ठा पाहिली. बास्तियां रोज सकाळी आणि संध्याकाळी अंगणात बसत. चरबी, बलक, नव्या चिंधीचा बोळा, धूर. त्यांचा पांढरा सदरा काजळला, डोळे चुरचुरले. रोझेनबाई खिडकीतून ओरडत, "पातळ लावा हो! तवा आहे, भिंत नाही रंगवायची!" गुरुवारी माझ्या मध्यभागी पहिली काळी झाक उमटली. शुक्रवारी ती कडांपर्यंत पोहोचली.

शनिवार उजाडला. नॉर्वेहून आलेली रान्नहिल्ड नावाची एक प्रवासी बाजारात फिरत होती. चांगला क्रेप खावा म्हणून ती दोन दिवस शहर पालथे घालीत होती आणि दोनदा फसली होती. तिने एर्वेला विचारले, "इथे खरा क्रेप कुठे मिळतो?"

"थप्पी दिसली की पुढे चला," एर्वे म्हणाला. "जिथे ताटकळावं लागेल, तिथे थांबा. आज ताटकळायला मात्र या आमच्या लीलकरांकडे जा. देव तुमचं भलं करो!"

ती माझ्यासमोर उभी राहिली. पहिला क्रेप फाटला. पहिला नेहमीच फाटतो, तो करणाऱ्याने खायचा असतो. पण बास्तियांचा चेहरा पांढराफटक झाला. रोझेनबाई स्टुलावर निश्चल बसल्या होत्या.

दुसरे पीठ पडले. दांडी फिरली. मी सर्व शक्ती एकवटून तापलो. क्षणभराने माझ्या अंगावर बारीक बुडबुडे उमटले, कडा तपकिरी झाल्या, आणि उलथणे लागण्यापूर्वीच क्रेप सुटला! अखंड, जाळीदार, चंद्रबिंबासारखा गोल!

सॉसेज गुंडाळून बास्तियांनी विचारले, "वर थोडा सॉस घालू?"

"सॉस?" रोझेनबाई कडाडल्या. "आधी तवा धुतला, आता सॉस! लील सुटत नाही बघा अंगातून!"

रान्नहिल्डने उभ्याउभ्याच खाल्ले.  तिने बोटे पुसली, आणि दुसऱ्या क्रेपसाठी ती पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ते पाहून तिच्यामागे दोघे आले, मग पाच. दुपारी बारापर्यंत रांग मासळीवाल्यांपर्यंत पोहोचली आणि एर्वेची सॉसेजेस संपली.

तेव्हा रोझेनबाईंनी डाव्या हाताने एक कोरा क्रेप घेतला, लोण्यासह शांतपणे चावला आणि म्हणाल्या, "लोणी जरा कमी पडलं."

इतकेच! त्यांची शाबासकी ज्यांना ओळखता येत होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून आपल्या मातोश्रींचा जुना बोळा काढला आणि जावयाच्या हाती दिला.

"धुऊ नका हं, बास्तियां."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा काळा तवा असेल. त्याला उजळ करण्याचा मोह झालाच, तर क्षणभर थांबा. तो काळेपणा मळ नसतो; तुमच्या आधीच्या हातांनी थर थर करून तो त्याच्यावर ठेवलेला असतो. साबण बाजूला ठेवा, तेलाचा बोळा घ्या आणि आपलाही एक थर त्यावर चढवा. माझ्यावर आता बास्तियांचा चढला आहे, आणि येत्या शनिवारी मी पुन्हा तापणार आहे.