तीन कुलपांच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी ग्राइंडिंग मशीन आहे. जुनी म्हटलं की तुम्हाला वाटेल, काम करून करून बिचारी थकली असेल. छे! मी बसून बसून म्हातारी झाले. अहिल्यानगरच्या एमआयडीसीत, तीन कुलपांच्या आत.

माझं काम साधं. लोखंडाची खडबडीत प्लेट माझ्या पाटावर ठेवायची आणि वर दगडी चाक फिरवायचं. प्लेट इतकी गुळगुळीत होते की त्यात तोंड पाहून घ्यावं. इथल्या छोट्या शेडवाल्यांना एवढ्यासाठी पुण्याला टेम्पो पाठवावा लागे. वर पुणेकर म्हणत, "ठेवून जा, बघू." शेवटी सगळे एकत्र आले, वर्गणी काढली, सरकारी योजनेतून मदत मिळवली आणि सगळ्यांत मिळून मला आणलं. क्रेननं मला उतरवलं तेव्हा पेढे वाटले होते. शेडवाल्यांचे अध्यक्ष काकासाहेब माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता पुन्याची पायरी चढायची न्हाई." मी किती फुशारले होते!

पण हे सगळे एकाच प्रकारच्या कामाचे भुकेले. लवकरच कोणीतरी माझ्या पाटावरचं शेजाऱ्याचं काम पाहिलं आणि कंपनीला कमी दर सांगून ते स्वतःकडे वळवलं. कोणी, ते कळलं नाही; म्हणून संशय सगळ्यांवर. मिटिंगमध्ये आरडाओरडा झाला आणि ठरलं, दाराला तीन कुलपं लावायची. एक किल्ली काकासाहेबांकडे, उरलेल्या दोन प्रवीण आणि सायमन या शेडवाल्यांकडे. तिघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. आता त्या तिघांना बोलवायचं म्हणजे आपलं काम त्यांना दाखवणं आलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी ही मंडळी. सगळे पुन्हा पुण्याला जाऊ लागले. काखेत कळसा नि गावाला वळसा!

दार वर्षातून एकदाच उघडे, खंडेनवमीला, माझ्या पूजेसाठी. प्रवीण बौद्ध, तो पूजा करत नाही. सायमन वारल्यावर त्याची शेड त्याची बायको लिडिया चालवू लागली. ख्रिस्ती असल्यानं तीही हात जोडत नसे. दोघं किल्लीपुरते येत. काकासाहेब मला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत आणि दार लावून टाकत. कारण खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची असते. वर्षभर लोळणाऱ्या मला आणखी विश्रांती! हसावं की रडावं, कळत नसे.

गेल्या खंडेनवमीला लिडिया स्कूटरवर एक जड पोतं घेऊन आली.

"काका, एवढ्या प्लेटा घासू द्या. दसऱ्यामुळं पुण्यात आजपासून सगळं बंद. परवा कंपनीत पोचल्या न्हाईत तर ऑर्डर गेली, आणि ह्याच ऑर्डरवर माझी शेड उभी हाय."

"आज हत्याराला हात लावत न्हाईत, लिडियाबाई."

"मग उद्या दार उघडा."

"उद्या मी न्हाई," प्रवीण म्हणाला. "आजच दीक्षाभूमीला निघालोय."

"किल्ली ठेवून जा की."

प्रवीणनं किल्ली खिशात टाकली. लिडियाचा बांध फुटला. तिनं पोतं माझ्यासमोर उलटं केलं. "घ्या! बघा माझं काम. आता लपवायला काय राहिलं?"

प्रवीणनं एक प्लेट उचलली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, ही तर माझ्याकडं बी हाय."

काकासाहेबांनी हळूच मोबाईल काढला. त्यात त्याच प्लेटचा फोटो होता. "कंपनीचा साहेब मला म्हनला हुता, तुमच्याशिवाय कोनालाच दिली न्हाई. वरून दर कमी करा म्हनून मागं लागलाय."

"मला पण हेच," लिडिया म्हणाली.

तिघंही एकमेकांकडे बघेनात. मग काकासाहेबांनी माझ्या गळ्यातला हार स्वतःच्या हातानं काढला. "प्रवीण, दाब बटन."

मित्रांनो, या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! मी जीव खाऊन जोर लावला. पण आतलं ग्रीस वाळून घट्ट झालं होतं. चाक तसूभरही हललं नाही. मी नुसती घुमत राहिले, मग जळका वास आला आणि तो आवाजही थांबला. लिडियाकडे बघायची मला लाज वाटली.

तिनं एकेक प्लेट पुन्हा पोत्यात भरली.

"दसरा झाला की मिस्तरी बोलवतो," काकासाहेब म्हणाले.

"बोलवा. पुढच्याला उपयोग हुईल."

जाताना प्रत्येकानं आपलं कुलूप सोबत नेलं. आता माझं दार नुसतं लोटलेलं असतं. मिस्तरी येऊन मोटर खोलून गेला आहे, सुटा भाग यायचा आहे. काकासाहेब आणि प्रवीण अधूनमधून डोकावतात. समोर लिडियाच्या शेडचं शटर मात्र खाली आहे. त्याला लागलेलं कुलूप मी लगेच ओळखलं. ते इतकी वर्षं माझ्याच दाराला होतं.

तुमच्या शाळेतही एखादं कपाट असेल. पोरं मोडतील म्हणून आतली दुर्बीण, भिंगं वर्षानुवर्षं बंद असतील. बाईंकडे जा आणि किल्ली मागा. एखादं भिंग फुटलं तर फुटू दे, नवं आणता येतं. पण मागायची तर आजच मागा.