सव्वा इंचाचं अक्षर

उभा जन्म शिडीवर काढला, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि पडले कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. बल्ब बदलताना. पेंटरांना मणक्याच्या दुखण्यापेक्षा ही लाज जास्त होती. डॉक्टरांनी सहा आठवडे आडवं राहायला सांगितलं होतं. मान वाकवायची नाही, हात उचलून काही धरायचं नाही.

"कुणी विचारलं तर शिडीवरून पडलात असं सांगते," मुलगी म्हणाली. ती रजा टाकून त्यांच्याकडे राहायला आली होती.

"दुसऱ्या मजल्यावरून सांग. तिसरा कुणाला पटायचा नाही."

बायको जाऊन चार महिने झाले होते. पस्तीस वर्षं तिनं त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की ती पलंगावर पाय पसरून बसायची, आणि पेंटर शेजारी डोळे मिटून ऐकायचे. त्यांची शाळा सहावीतच सुटली होती. अक्षर असं काढायचे की जाणारा-येणारा थांबून बघायचा, पण पुस्तकाचं एक पान संपवायला अर्धा तास लागायचा. पुढं पुढं तिला जाड पुस्तक पेलवेना, म्हणून ती टॅबवर वाचू लागली. त्यातच एक कादंबरी अर्धी राहिली.

घरातून न सांगता निघून गेलेला एक माणूस मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होतो. चौदा वर्षांनी ती बोट नेमकी त्याच्याच गावच्या बंदराला लागते. तो उतरणार का? बायको म्हणायची, उतरणार. पेंटर म्हणायचे, कुठल्या तोंडानं उतरेल? यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. दोन दिवस ती पुढं वाचायलाच तयार नव्हती. "आधी कबूल करा, तुम्हाला माणसं कळत नाहीत," म्हणाली. मग दवाखाना मागे लागला आणि बोट बंदरातच राहिली.

आता पडल्या पडल्या पेंटरांच्या डोक्यात एकच होतं. तो उतरला की नाही, हे कळलं पाहिजे. आणि ते स्वतः वाचून.

"मी वाचून दाखवते ना," मुलगी म्हणाली.

"नको."

"मग शेवट सांगू? दोन मिनिटांत बघते."

"खबरदार!"

तिनं टॅबलाच वाचायला लावलं. आतली बाई घडाघडा सुरू झाली. पेंटरांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. "बाई हुशार आहे," ते म्हणाले, "पण हिला त्यातल्या एकाही माणसाचं काही पडलेलं नाही. बंद कर."

मग मुलीनं टॅब समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. पडद्यावर पान उघडलं, तिच्या आईनं जिथं थांबवलं होतं, बरोबर तेच. पेंटरांनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"टेप आण. उशीपासून टीव्हीपर्यंत मोज."

"अकरा फूट. का?"

"दहा फुटांना एक इंच अक्षर. वरच्या फुटाचं थोडं, खिडकीच्या उजेडाचं थोडं. सव्वा इंच कर."

"बाबा, ही पाटी नाहीये."

"डोळा तोच आहे ना? कर."

मुलीनं पडद्याला टेप लावून अक्षर सव्वा इंचाचं केलं. पानावर सात ओळी राहिल्या, ओळीत चार-पाच शब्द. टॅब पेंटरांच्या उजव्या हाताखाली ठेवला. बोट टेकवलं की भिंतीवरचं पान उलटायचं. पेंटर खूश. दोन दिवस त्यांनी पानांमागून पानं उलटली.

तिसऱ्या दिवशी चहा देताना मुलीनं विचारलं, "काय मग, कसं चाललंय?"

"अक्षर सुबक आहे. पण 'ळ'च्या दोन गाठी सारख्या नाहीत. आणि 'श'चं डोकं फार जड. माझ्या हाताखालच्या माणसानं काढला असता तर पुसायला लावला असता."

"अहो, मी गोष्टीचं विचारतेय. तो स्वयंपाकी काय करतोय?"

पेंटरांनी पडद्याकडे पाहिलं. "बंदर आहे," शेवटी ते म्हणाले.

"ते आधीपासूनच आहे!" मुलीला हसू आवरेना.

पेंटर हसले नाहीत. एवढी पानं उलटली आणि हाती काय, तर 'ळ'च्या गाठी. गोष्ट म्हणजे तिचा आवाज होता की काय? तो गेला, तर आपल्याला नुसती अक्षरंच राहिली? चहा गार झाला तरी त्यांनी कपातल्या नळीला तोंड लावलं नाही.

पण हार मानायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कामासारखा विचार केला. शिडीवर पाटी तोंडासमोर असते, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय हे पेंटरला कधीच कळत नाही. एकदा त्यांनी दुकानाच्या नावातलं एक अक्षर चक्क गाळलं होतं. चूक सापडली रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या मालकाला. वाचायचं तर खाली उतरून लांब जावं लागतं. इथं पलंग तर हलवता येत नव्हता.

"अक्षर लहान कर," त्यांनी मुलीला हाक मारून सांगितलं.

"किती?"

"मला खोट काढता येणार नाही इतकं."

मुलीनं अक्षर अर्ध्यावर आणलं, मग त्याहून थोडं कमी. पेंटरांनी चष्मा चढवला आणि बायको थांबली होती तिथून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या पानाला घाम फुटला. जोडाक्षर आलं की डोळा अडायचा, ओळ सुटायची, मागे यावं लागायचं. दुसऱ्या दिवशी मात्र स्वयंपाकी बटाटे सोलत होता, सोलता सोलता गोल खिडकीतून धक्क्याकडे बघत होता, आणि पेंटर ओठातल्या ओठात त्याला म्हणाले, "बघतोस काय नुसता?" 'श'चं डोकं आता त्यांना दिसलंसुद्धा नाही.

चार दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी स्वयंपाकी उतरला. नवे कपडे घातले नाहीत, काय बोलायचं ते ठरवलं नाही. बटाटे संपले म्हणून रिकामं पोतं घेऊन बाजारात गेला आणि तिथून पाय घराकडे वळले. दार बहिणीनं उघडलं.

"उतरला लेकाचा!" पेंटर मोठ्यानं म्हणाले. "जिंकलीस बघ तू."

एवढं बोलले आणि थांबले. तिला हे ठाऊकच नव्हतं. उतरणार म्हणून भांडली, पण उतरताना तिनं त्याला पाहिलं नाही.

पेंटरांनी टॅबवर बोट फिरवत पानं मागं नेली, तिच्या पानापर्यंत. घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. आवाज घोगरा होता, शब्द तुटत होते, एक वाक्य तर तीनदा वाचावं लागलं. पण थांबले नाहीत.

स्वयंपाकघरात मुलीनं मिक्सर बंद केला.

"चालू दे तुझा मिक्सर," पेंटर आतूनच ओरडले. "मी तुला नाही वाचून दाखवत."