नऊ नंबरची पाहुणी

गादी नाही म्हटलं की माणसांना ते खोटंच वाटतं. सतरा नंबरमधल्या बीडच्या मंडळींनी इरम्माला जिन्यातच गाठलं होतं. खोली घेतली तिघांची, आत कोंबली नऊ माणसं, आणि आता उरलेल्यांना गाद्या हव्यात. इरम्मानं दोनदा सांगितलं, लॉजातल्या सगळ्या गाद्या वाटून झाल्या, पुनव होईस्तोवर एकही शिल्लक नाही. त्यावर त्यांच्यातला एकजण लाडात येऊन म्हणाला, मावशी, बघा की जरा, तुमी ठेवली असंल कुठंतरी. आता ही कुणाची मावशी ते त्यालाही माहीत नव्हतं. तुळजापुरातल्या लॉजात जी बाई खोल्या झाडते तिला मावशी म्हणायचं, एवढंच लोकांना ठाऊक. इरम्मानं कडेवरची चादरींची थप्पी दुसऱ्या बाजूला घेतली आणि अंग चोरून खाली उतरली.

दसरा झाला की देवीला पलंगावर निजवतात. श्रमनिद्रा म्हणतात तिला. नऊ दिवस राक्षसाशी लढून अंग आंबलेलं असतं, तेव्हा कोजागिरीपर्यंत तिला कुणी उठवायचं नाही. रीत चांगली आहे, नाही कोण म्हणतंय! पण देवी निजली म्हणून भक्त काही घरी बसत नाहीत. पुनवेला सोलापूरकडनं, कर्नाटकातनं माणसांचा पूर येतो, तोही अनवाणी, आणि त्या प्रत्येकाला अंघोळीला कढत पाणी लागतं. म्हणजे नवरात्रात कंबर मोडायची आणि पुनवेला उरलीसुरली. मग श्रमाची झोप लॉजातल्या बाईनं कधी घ्यायची? हे इरम्मा एकदा मॅनेजर बाबूरावांना बोलून गेली होती, आणि बोलल्याबरोबर घाबरून तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले होते.

यंदा मात्र तिला थकव्याचं काही वाटत नव्हतं. तिची अक्का येणार होती.

अक्का म्हणजे मल्लम्मा, तिची थोरली बहीण. आळंदच्या पलीकडे कर्नाटकात एका खेड्यात दिलेली. आई गेली तेव्हा इरम्मा रांगत होती, तिला अक्कानंच वाढवलं. पुढं इरम्माचा नवरा ऐन उमेदीत गेला, पोरबाळ नव्हतं, सासरच्यांनी दाराबाहेर काढलं, तेव्हाही ती अक्काच्याच दारात जाऊन बसली. मग गावातल्या कुणाच्या तरी ओळखीनं हे लॉजातलं काम लागलं. आजही नागपंचमीला ती अक्काकडे जाते. अक्काच्या घरात खाट एकच आहे. ती इरम्माला द्यायची आणि आपण खाली पोत्यावर पडायचं, हे ठरलेलं. इरम्मानं कितीही भांडून पाहिलं तरी अक्का एकच सांगते, तू पाहुणी हायस.

आणि अक्का तुळजापूरला येते म्हणाली की इरम्माला हटकून काहीतरी अडचण निघायची. आता गर्दी हाय, आता रंगकाम चाललंय, आता मालक गावात हायत. खरी अडचण वेगळीच होती. इरम्माला घर नव्हतं. जिन्याखाली जिथं फिनाइलचे डबे आणि तुटके नळ ठेवतात, तिथं एक पडदा लावून ती राहायची. पाय लांब केले तर पडद्याच्या बाहेर जायचे. गावाकडे मात्र तिनं अशी हवा केली होती की काय विचारता! माझ्याकडं पंचवीस खोल्या हायत, हव्या त्या खोलीत निजते, म्हणून सांगायची. अक्का ऐकायची आणि हसायची.

दसऱ्याला अक्काचा फोन आला. गुडघे गेलेत, पुढल्या साली चालणं व्हायचं न्हाय, यंदा दिंडीबरोबर शेवटची येते. तुझ्याकडं एक रात निजते, म्हणाली. या खेपेला इरम्माला नाही म्हणवलं नाही. फोन ठेवला आणि ती तशीच काउंटरवर जाऊन बाबूरावांपुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे साबणाची जादा वडी मागितली नव्हती. पुनवेच्या आदल्या दिवशी बहिणीसाठी एक खोली पाहिजे, म्हणाली. बाबूराव आधी हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, नऊ नंबर घ्या. मालक दरवर्षी ती एक खोली आपल्या पाहुण्यांसाठी रिकामी ठेवायला लावतात, यंदा कुणी यायचं नाही.

नऊ नंबर म्हणजे लॉजातली बरी खोली. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, गिझर चालणारा. चार दिवस इरम्मा त्या खोलीच्या मागं लागली होती. न्हाणीतल्या फरशा तिनं खरवडून पांढऱ्या केल्या. भक्तांच्या कुंकवाचे डाग चादरीवरून जात नाहीत, म्हणून मालकानं सगळ्या चादरी लालभडक आणल्यात, पण इरम्मानं कपाटाच्या तळातून एक जुनी पांढरी चादर शोधली, नीळ घालून धुतली आणि ती अंथरली. उशीला अभ्रा चढवताना तिला स्वतःचंच हसू आलं. एवढी हौस तिनं स्वतःच्या लग्नातसुद्धा केली नव्हती.

सकाळी अकराच्या सुमारास दिंडी आली. बायका हलगीवर नाचत पुढं गेल्या. अक्का गर्दीतून बाजूला होऊन समोरच्या प्रसादाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. आत यायला तयार नव्हती. पाय घाण हायत, लादी खराब होईल, म्हणायला लागली. इरम्मानं तिच्या बगलेत हात घालून तिला उठवलं. अक्काचं वजन किती कमी झालंय ते हाताला कळलं.

काउंटरपाशी बाबूराव उभेच होते. त्यांनी अक्काला नमस्कार केला. मग इरम्माला जरा बाजूला बोलावून खालच्या आवाजात म्हणाले की मालकांचा आत्ताच फोन आला. त्यांच्या मुलीच्या सासरची माणसं निघालीत, नऊ नंबर त्यांना द्यायचाय. बोलताना ते तिच्याकडे पाहत नव्हते, किल्ल्यांचा फळा सरळ करत होते. त्यांचेही डोळे जागरणानं लाल झालेले. माणूस वाईट नव्हता. नोकर होता, एवढंच.

इरम्माला वाटलं, ह्या काउंटरवर डोकं आपटून घ्यावं. किंवा ह्यांचं तरी आपटावं. आणि मागं अक्का उभी, भिंतीवरच्या देवीच्या फोटोला हात जोडून.

"कवा येणार ती माणसं?" तिनं विचारलं.

"चार वाजतील. गर्दीनं रस्ता तुंबलाय."

"मग चारपर्यंत खोली माझी," इरम्मा म्हणाली, आणि फळ्यावरची किल्ली तिनं स्वतःच्या हातानं काढली. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. बाबूराव हाताची घडी घालून रस्त्याकडे बघत राहिले.

जिना चढायला अक्काला फार वेळ लागला. खोलीत आल्यावर ती मधोमध उभी राहिली. कुठं बसावं ते तिला कळेना. इरम्मानं गिझर लावला, बादली भरली, आणि अक्काला पलंगाच्या कडेवर बसवून तिचे पाय परातीत घेतले. तळव्यांना फोड आलेले, एक फुटलेला. अणदूरच्या मुक्कामाला खंडोबाच्या देवळात कुणीतरी हळद लावून दिली होती, ती वाळून भेगांत बसलेली. इरम्मा चोळत होती आणि अक्का पाय मागं ओढत होती. हे पाय दुसऱ्याच्या हातात द्यायची तिला सवय नव्हती.

दारावर थाप पडली. सतरा नंबरला पाणी येत नव्हतं. इरम्मानं दार न उघडताच सांगितलं, मावशी न्हाय हितं. बाहेरचा माणूस गोंधळून गेला. अक्का तोंडाला पदर लावून हसली आणि इरम्मालाही हसू फुटलं. दोघी किती दिवसांनी अशा हसत होत्या कोण जाणे.

अंघोळ झाली. इरम्मानं घरून, म्हणजे जिन्याखालून, सकाळीच करून ठेवलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी आणली. जेवून अक्का पलंगावर आडवी झाली, अगदी एका कडेला, जणू बाकीचा पलंग कुणाचा तरी आहे. इरम्मानं तिला आत सरकवलं. आता खरं सांगायला हवं होतं, रात्री इथं निजता येणार नाही म्हणून. तिनं नुसतेच अक्काचे पाय चेपायला घेतले. शेवटी अक्कानंच डोळे मिटून विचारलं.

"इरे, तू कुठं निजतीस?"

"हितंच की. पंचवीस खोल्या हायत."

"व्हय गं. येताना मी पडदा बघितला. तुझं लुगडं वाळत हुतं तिथं."

इरम्माचा हात तिच्या पायावर होता, तो तसाच राहिला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लपवलेलं जिन्यातून चढता चढता दिसून गेलं होतं.

"रात्री मी दिंडीबरुबर निजते. शाळेत सोय केलीया," अक्का म्हणाली. "त्यो मॅनेजर तुला काय म्हणाला ते ऐकू आलं मला. कान शाबूत हायत माझे."

"मला तुला एक रात निजवायची हुती अक्का. पलंगावर. माझ्या हातानं."

"मग आत्ता निजव की," अक्का म्हणाली, आणि थोड्या वेळात तिचा श्वास जड झाला.

इरम्मा खाली बसून पलंगाच्या लाकडाला टेकली. वर कुणीतरी मावशी मावशी करत होतं. रस्त्यावरून संबळ वाजत गेला, आई राजा उदो उदो झालं, कुणाचं तरी पोर हरवल्याचं कर्ण्यावरून सांगत होते. अक्का ह्या सगळ्यात ढाराढूर झोपली होती. तोंड जरा उघडं, एक हात उशीखाली. इरम्मा नुसती बघत होती. आणि मग बघता बघता कधीतरी तिचीही मान कलली.

जाग आली ती मोटारीच्या हॉर्ननं. चार वाजायला अजून बराच अवकाश होता, पण खाली बाबूरावांचा या या, बसा बसा असा आवाज ऐकू येत होता. इरम्मा धडपडत उठली आणि थक्क झाली. पलंग रिकामा होता. पांढरी चादर घडी करून उशाशी ठेवलेली. न्हाणी पुसलेली. आणि अक्का पदर खोचून, वाकून, खोली झाडत होती. परक्याच्या अंथरुणावरून उठून तसंच निघून जाणं तिला जन्मात जमलं नसतं. इरम्मानं तिच्या हातातला झाडू ओढला, पण तोवर दार उघडलं होतं.

मालकांच्या व्याहीणबाई दारात उभ्या होत्या. मागं त्यांचे यजमान, सून, ड्रायव्हर, आणि सगळ्यांत मागं घाम पुसणारे बाबूराव. बाई प्रवासानं वैतागल्या होत्या. त्यांनी आत नजर टाकली, दोन लुगडी आणि एक झाडू बघितला, आणि जवळ उभ्या असलेल्या अक्काच्या हातात आपली जड पिशवी दिली. ही तिकडं कपाटात ठेव आणि आधी पाणी आण, म्हणाल्या. अक्कानं पिशवी घेतलीसुद्धा. जुनी सवय, कुणी दिलं की हात पुढं.

इरम्मानं ती पिशवी अक्काच्या हातातून काढून घेतली. तिचा आवाज चढला नाही.

"बाई, कामाला मी हाय. ही माझी थोरली बहीण. नऊ नंबरची पाहुणी. आत्ता निघालीया, तिला वाट द्या."

व्याहीणबाईंचा चेहरा उतरला. त्या दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. माफ करा असं काहीसं पुटपुटत त्या मागं सरकल्या. खोलीबाहेरचा बोळ अरुंद, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून यजमान मागं सरकले, सून मागं सरकली, ड्रायव्हर दोन्ही हातांतल्या बॅगा घेऊन भिंतीला चिकटला. अक्कानं पदर सारखा केला. देवीची परडी खांद्याला अडकवली. मग भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टेकत ती निघाली. घाई करणं तिच्या गुडघ्यांना शक्यच नव्हतं. जिन्यापर्यंत जाईस्तोवर ती सगळी माणसं ओळीनं उभी होती. बाबूराव दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी तिला हात दिला.

जिन्याच्या वळणावर अक्का थांबली आणि वळून म्हणाली, "लई झोप लागली गं, इरे. आईशपथ." मग ती दिसेनाशी झाली.

इरम्मा खोलीत परतली. बाहेर मंडळी खोळंबली होती. तिनं कपाटातून लाल चादर काढली, झटकली. अंथरण्याआधी गादीवर मधोमध हात ठेवला. तिथं अजून ऊब आहे असं तिला वाटलं. तिनं चादर पसरली, चारी कोपरे नीट खोचले, आणि दाराकडे वळून म्हणाली, "या, बाई."