अकरा किलो

मी रंगारी. घरं रंगवायचं काम आम्ही दोघं भावंडं मिळून करायचो. दादा अबोल आणि मी तोंडाळ, म्हणून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचं खातं माझ्याकडे. दीड वर्षापूर्वी काम करताना मी शिडीवरून पडले. मणक्यातला मज्जारज्जू चेचला गेला, पण पुरता तुटला नाही. म्हणजे पाय थोडे हलतात, चिमटा काढला तर कळतं, पण अंगाचं ओझं घ्यायचं म्हटलं की सासरी आलेल्या जावयासारखे नुसते लांबून बघत बसतात.

म्हणून मी आठवड्यातून तीनदा या प्रयोगशाळेत येते. लांबट खोली, भिंतींवर दहा कॅमेरे, मध्ये दोन समांतर दांड्या आणि त्यांच्या खाली जमिनीत बसवलेल्या लोखंडी पाट्या. पाटीवर पाय ठेवला की त्यावर किती भार पडला ते समोरच्या पडद्यावर दिसतं. दांड्यांनाही तसलेच काटे आहेत. कॅमेऱ्यांना सांधे टिपता यावेत म्हणून माझ्या गुडघ्यांवर, घोट्यांवर करड्या रंगाचे छोटे गोळे चिकटवतात आणि काम संपलं की ते खसकन ओढतात. पायांना काही कळत नाही असं वाटत असेल तर त्या वेळी या आणि माझं तोंड ऐका.

हे सगळं चालवते ती इंजिनिअर बाई. वयानं माझ्याहून लहान, पण आकड्यांच्या बाबतीत भारी चिवट. कुठला सांधा किती वाकला, कुठल्या पायानं किती भार घेतला, हे मोजून त्यावर अभ्यास करायचा हे तिचं काम. अभ्यासाचा पुढचा टप्पा सहा महिन्यांचा, सरकत्या पट्ट्यावर रोज चालायच्या सरावाचा. जागा सहाच. अट एकच: दांड्यांमध्ये उभं राहून तीस सेकंद आपल्या वजनाचा दोन तृतीयांश भार पायांवर घ्यायचा. माझं वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे पायांवर एकोणचाळीस तरी हवेत. ज्याला जमणार नाही त्याला व्यायामाचा कागद हातात देऊन घरी पाठवणार. मला घरी जायचं नव्हतं. मला चालायचं होतं.

आणि मी एकतीसवर अडकले होते. एक नाही, दोन नाही, पाच आठवडे. घाम गाळला, दात खाल्ले, मांड्यांवर गुद्दे मारले, त्यांना नाही नाही ते बोलले. आकडा जागचा हलेना. दादा रोज मागे उभा असायचा, माझ्या कमरेचा पट्टा धरून. मी कोसळले तर सावरायला, एवढंच त्याचं काम. पट्टा सैल धरायचा, ओढायचा नाही, हे माझ्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी इंजिनिअर बाईला बेरजेत खोट दिसली. पायांवर एकतीस, हातांनी दांड्यांवर सोळा. झाले सत्तेचाळीस. अठ्ठावन्नातले अकरा किलो गेले कुठे? तिला वाटलं काटे बिघडले. दिवसभर जमिनीवर पालथी पडून तिनं सगळ्या वायरी तपासल्या, वाळूच्या पिशव्या आणून पाट्यांवर ठेवल्या, दांड्यांना टांगल्या. वीस किलोची पिशवी बरोबर वीस दाखवत होती. काटे ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी, चाचणीच्या आधी, तिनं दादाला विनंती केली की तुम्ही पण एका पाटीवर उभे राहा. दादा चपला काढून उभा राहिला. चौऱ्याहत्तर. मग मी दांड्या धरून उठले. पायांवर एकतीस, हातांवर सोळा आणि दादाच्या पाटीवर पंच्याऐंशी.

हरवलेले अकरा किलो दादाच्या पायांखाली सापडले. इंजिनिअर बाईनं मला पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. पुन्हा पंच्याऐंशी. दादा म्हणाला की मी नुसता हात लावलाय. तो खोटं बोलत नव्हता. आपण ओढतोय हे त्याच्या हातांनी त्यालाही कळू दिलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. पाच आठवडे मी माझ्या पायांना शिव्या घातल्या होत्या आणि हा माझ्या वाट्याचं ओझं मागच्या मागे उचलून धरत होता. वाटलं, चांगला झाडून काढावा. पण मी वळून त्याच्याकडे बघितलं. आपले हात तो असे बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत.

आता न सांगितलेली गोष्ट सांगते. मी पडले त्या दिवशी शिडी दादानं धरली होती. त्याचा फोन वाजला म्हणून त्यानं ती सोडली. दीड वर्ष मी त्याला सांगत आले की तुझी चूक नव्हती, फरशी निसरडी होती. त्याला बरं वाटावं म्हणून सांगायचे. तो मान डोलवायचा आणि त्याला तसूभर बरं वाटायचं नाही, कारण फरशी कोरडी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "दादा, शिडी तूच सोडलीस."

व्यायामाच्या ताई मध्ये पडायला आल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं.

"तुझी चूक होती. मला खूप राग आला होता, अजूनही कधी कधी येतो. तरी तू माझा दादा आहेस. पण तेव्हा सोडायला नको होतंस आणि आता धरायला नको. पट्टा सोड."

त्यानं पट्टा सोडला. बोटं एकेक करून उघडावी लागली त्याला. बाजूला होत म्हणाला, "बारके, मला बघवणार नाही." मग कोपऱ्यातली खुर्ची भिंतीकडे फिरवून तो आमच्याकडे पाठ करून बसला आणि दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून ठेवले.

चाचणीत तीन प्रयत्न मिळणार होते. ताई समोर गुडघ्यांवर बसल्या, हात पसरून पण अंतर राखून. मागे जाड गादी अंथरली. पहिल्यांदा उठले आणि नऊ सेकंदांत धपकन खाली बसले. दुसऱ्यांदा एकोणिसाव्या सेकंदाला डावा गुडघा दुमडला आणि मी गादीवर आडवी झाले. खुर्ची करकरली. मी पडल्या पडल्याच ओरडले की उठलास तर याद राख. तो उठला नाही.

धाप लागली होती. हात भरून आले होते. कुणी म्हणालं, थोडं थांबू या. मी म्हटलं, थांबले तर हातापायाची ताकद जाईल ती जाईल, डोक्याचीही जाईल. तिसऱ्यांदा दांड्या धरल्या, टाचा पाटीवर दाबल्या आणि उठले.

हे वेगळं होतं. इतके दिवस वरून कुणीतरी तरंगवत असायचं. आता माझं सगळं वजन खाली खाली उतरत होतं, मांड्यांतून, गुडघ्यांतून, तळव्यांपर्यंत, आणि तळवे जळत होते. जळत होते म्हणजे जिवंत होते. पडद्यावर चाळीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस. डावा गुडघा लटलटला. मी त्याच्याशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो सरळ झाला.

इंजिनिअर बाई मोठ्यानं मोजत नव्हती, तिचे नुसते ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले आणि तिनं तोंडावर हात ठेवला. ताई डोळे पुसत म्हणाल्या की झाली वेळ, बसा आता.

मी बसले नाही.

कोपऱ्यातून, भिंतीकडे तोंड करूनच, दादानं विचारलं, "पडलीस?"

"नाही."

"मग बसलीस का?"

"नाही रे," मी म्हटलं, "उभी आहे. वळून बघ."