सात वेगांची मशीन

आमच्या घरात नऊ वॉशिंग मशीन आहेत आणि कपडे मी हातानं धुते. अमरावतीत असं दुसरं घर असेल तर मला दाखवा.

आमचे चंद्रभानराव बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांना जुन्या मशीन जमवायचं खूळ लागलं. साधी मशीन त्यांच्या नजरेत भरत नाही. वेग बदलायची तऱ्हा जगावेगळी हवी. एकीचा वेग शिलाई मशीनसारखा पायानं दाबून बदलतो, एकीला रेडिओची चकती. नववी सगळ्यात लाडकी. तिला स्कूटरसारखी मूठ आहे, पिळली की सात वेग. ती परतवाड्याच्या भंगारवाल्याकडून आणली, बदल्यात माझी चालती मशीन देऊन. मला विचारलंसुद्धा नाही.

दिवाळीत माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी बजावलं, कपडे पिळायचे नाहीत. मी म्हटलं, "एक मशीन त लावून द्या."

"पागल झाली का? पट्टा जुना हाये तिचा. तुटला त कुठून आणू?"

माझं मनगट मात्र दुकानात मिळत असावं. मी डाव्या हातानं धुणं आवरलं.

मग एका रविवारी अकोल्याहून रामराव आले, जुने पंखे जमवणारे. एका रिकामटेकड्याकडे दुसरा. चहा संपायच्या आत मूठवालीचं बटण दाबलं गेलं! रिकामी फिरवू नये म्हणून मलाच हाक आली, "भावना, दोन कपडे आण." मी अख्खी बादली उपडी केली, चादरींसकट.

"हा सगळ्यात हळू वेग कायले?" रामरावांनी विचारलं.

"नाजूक कपड्याले तरास नाही झाला पाहिजे ना!" असं म्हणत चंद्रभानरावांनी मूठ इतक्या हलक्या हातानं पिळली, की मला त्या माणसाची किळस आली. माझ्या प्लास्टरला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "आता नाही तुटला का पट्टा?"

"ते पाहाले आले होते. अकोल्याहून!"

बरं. दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले, धुण्याची बादली घेतली, बाहेर जाऊन दार ओढलं आणि बेल वाजवली.

"काहून वं, चावी विसरली का?"

"मी मशीन पाहाले आली."

ते बादलीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी शरमतील. पण कसचं काय, चेहरा खुलला!

"या, या," ते म्हणाले. "चप्पल इथंच काढा."

चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला पहिल्यांदा 'या' म्हटलं, तेही मशीनसाठी. मी कपडे आत टाकले. ते पहिल्या वेगापासून समजावू लागले आणि मी खुर्ची ओढून बसले.