रिकाम्या कबरीचा होकार

गुरुवारी दुपारी शहिदांच्या कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. इराणमधल्या आमच्या दिझफूलच्या उन्हात या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण आज अर्धं गाव खावरखालाच्या मुलाच्या, फरामर्जच्या कबरीभोवती उभं होतं. आणि ती कबर रिकामी होती.

खावरखाला माझी सख्खी मावशी नव्हे; भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून आपली खाला. तिचा फरामर्ज इराकशी झालेल्या लढाईत पकडला गेला आणि इराकी कैदेत हगवणीनं मेला. त्याच्याबरोबरच्या कैद्यानं सुटून आल्यावर सांगितलं, छावणीच्या तारेबाहेर पुरलं, खूण राहिली नाही. मग खालानं इथं नुसता दगड बसवला. उशाशी सगळ्यांच्या असतं तसं काचेच्या दाराचं, पत्र्याच्या पाठीचं कपाट, आत फोटो. कपाटाचे पाय दगडातच रोवलेले.

आता दर गुरुवारी तिथं सय्यद यदुल्ला नावाचे गृहस्थ अवतरत होते. फरामर्जची हाडं म्हणे वाळूखालून चालत आली आणि या दगडाखाली विसावली. सरहद्दीवर त्यांना कुणी हटकलं कसं नाही, हे विचारायची सोय नव्हती.

सय्यदांनी थर्मासमधलं पाणी कपाटावर ओतलं आणि वाकून बोटानं दगडावर टकटक केलं. फातिहा म्हणताना आम्ही सगळेच असा दगड वाजवतो, कुणीतरी भेटायला आलंय हे गेलेल्याला कळावं म्हणून. उत्तराची अपेक्षा कुणी करत नाही.

"फरामर्जखान, आईजवळ आलास ना?"

टक्. आवाज थेट दगडातून आला.

बायका रडू लागल्या. खालानं तापलेल्या दगडावर गाल टेकला.

"आई, आता रक्त द्यायचं नाही," सय्यद म्हणाले. "सुईनं संशय घेतलात तर पोरगा रुसून परत जाईल."

रडू मलाही आलं, पण संतापानं. सरहद्दीपलीकडून लढाईतल्या सैनिकांची बेवारस हाडं आली होती आणि त्यांत फरामर्ज आहे का हे ठरवायला आईचं रक्त तपासायला हवं होतं. खालाचं रक्ताचं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि तिचं काळीज आता कधीही दगा देईल असं डॉक्टर म्हणत. पण हाडांची ओळख पटली की सय्यदांच्या दारी भेटीदाखल येणाऱ्या मेंढ्या आणि गालिचे थांबणार, हे उघड होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि संशय हा माझा जुना रोग. धुळीच्या वादळानं ऊन झाकलं त्या गुरुवारी दगड मुका होता. "शहीद आज विश्रांती घेतायत," म्हणाले होते सय्यद. आणि सगळे कबरीचा दगड धुतात, मग हा माणूस आधी कपाटाची पाठ का भिजवतो?

मी पाणपोईतून बर्फाचं पाणी आणलं आणि शेजारच्या कबरीच्या कपाटावर, मागच्या पत्र्यावर ओतलं. मग दगड वाजवला.

"सय्यदांना शेपूट आहे का हो?"

टक्.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"शहिदांची थट्टा करतेस, पोरी?" सय्यद कडाडले.

"थट्टा कोण करतंय ते बघू या. खाला, इकडे ये. पत्र्यावर हात ठेव."

उन्हानं पत्रा फुगला होता. मी पुन्हा पाणी ओतलं. तो आकसला आणि खालाच्या तळव्याखाली टक् करून आत बसला. आवाज कपाटाच्या पायांमधून दगडात उतरला. खालानं हात काढला नाही.

"म्हणजे तो इथं नाही."

"नाही, खाला."

"आणि मी इतके गुरुवार पत्र्याला हलवा भरवत होते." ती सय्यदांकडे वळली. "तुम्हाला आई नव्हती का हो?"

सय्यद थर्मास तिथंच टाकून गर्दीतून वाट काढू लागले. लोकांनीही वाट दिली. फसलेल्या माणसांना फसवणाऱ्याकडे बघायला लाज वाटते.

मग रक्त द्यायला खालानं दवाखान्यात स्वतःच बाही वर सारली.

फरामर्ज अजून सापडलेला नाही. कदाचित सापडणारही नाही, हे मी तिला सांगितलंय आणि तिनं ते ऐकून घेतलंय. खोट्या होकारापेक्षा खरं "माहीत नाही" बरं, एवढंच माझं म्हणणं. दगड बोलला असं कुणी सांगितलं, तर पाया पडण्याआधी त्याच्या मागे जाऊन बघा. नाहीतर तिकडे कुणाचा तरी मुलगा नावाविना पडून राहतो, आणि इकडे त्याची आई त्याला शोधणं थांबवते.