बरणीवरचं रबर

महिपत मुंबईत सायकलच्या दुकानात पंक्चरं काढायचा. त्यामुळे कोकणात, भाट्ये गावच्या घरात जे काही बांधायचं ते ट्यूबच्या रबरानं, असा त्याचा नियम होता. तीन वर्षांपूर्वी शिमगा आटपून निघताना त्यानं कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर फडकं घातलं, वर रबराची कडी ताणून बसवली आणि बायकोला, मथुरेला, बजावलं, मी आल्यावरच सोडायची.

पुढच्या शिमग्याला पालखी दारात नाचून गेली; महिपत आला नाही. दुकानात माणसं कमी होती. त्याच्या पुढच्या वर्षीही ती कमीच राहिली. एवढ्या मुंबईत माणसं नेमकी त्याच दुकानाला कमी पडत.

यंदा मात्र येतो म्हणून पत्र आलं. ते वाचून दाखवायला शेजारचे काशीराम मास्तर आले. ते शाळेत शास्त्र शिकवत, आणि समोर एक माणूस बसलं तरी त्यांना वर्ग भरल्यासारखा वाटे. बरणीकडे बघून ते सुरू झाले. परदेशात कुणी ताणलेल्या रबरातून क्ष-किरण सोडले म्हणे. सैल रबर आतून पिंजलेल्या काथ्यासारखं, नुसता गुंता. ताणलं की धागे सुंभात येतात तसे शेजारीशेजारी लागतात, खडीसाखरेच्या खड्यातल्यासारखे शिस्तीत. सोडलं की पुन्हा गुंता. ओठाला लावून झटकन ताणलं तर ऊन लागतं.

"आणि तीन वर्षं सोडलंच नाय तर?"

"तसा प्रयोग कुणी केलेला नाही, वहिनी."

"मी केलाय."

मास्तर गेल्यावर तिनं रबराचा एक तुकडा ओठाला लावून ताणला. खरंच ऊन लागला. ती तसाच धरून राहिली, तर तो ताणलेलाच निवला. हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

महिपत पालखीच्या आदल्या दिवशी बोटीनं आला. ओटीवर पाहुण्यासारखा बसला आणि पाणी मिळेल का, म्हणाला. स्वतःच्या घरात.

जेवताना त्यानं बरणीची कडी काढली. ती बरणीच्या तोंडाएवढीच राहिली, आखडली नाही.

"हे गेलं," तो खाली बघत म्हणाला आणि फेकायला उठला.

मथुरेनं कडी घेतली, त्याच्या आंघोळीच्या कढत पाण्यात टाकली आणि थोड्या वेळानं काढून पुन्हा बरणीवर धरली. बोटभर आत आली होती. त्याहून जास्त नाही.

"एवढं येतंय अजून," ती म्हणाली.

महिपतनं कडी बोटानं चाचपून पाहिली. मग स्वतः उठून माठातलं पाणी प्याला.

चार दिवसांनी निघताना त्यानं पिशवीतून नवी कडी काढली. मथुरेनं ती बरणीला लावू दिली नाही.

"उघडीच असू दे. लोणचं संपायच्या आत या."

त्यानंतर ती जेवताना अर्धीच फोड घेई.